भीतीनं वाचा बसलेली माझी सासू

माझ्या सासूचा फोटो मुंबईच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छापून आला होता, हे मी आजही कुणालाही मान वर करून सांगते. फोटोखाली जे छापलं होतं ते मात्र धादांत खोटं होतं. मला अभिमान आहे तो तिनं त्या खोट्याचा जो पिच्छा पुरवला त्याचा.

गोव्यात सत्याग्रहींच्या तुकड्या जाऊ लागल्या होत्या, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी लग्न होऊन पेणहून बेलवलीला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. माझे यजमान अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी परत येताना ते कुणीतरी वाचून झालेलं वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि मी सातवीची फायनल पास झालेली असल्यामुळे ते मोठ्यानं वाचून दाखवायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या ओट्यावर आजूबाजूची चार घरं जमायची. सगळ्यांत पुढं बसायच्या आमच्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायचे.

आत्यांना तेव्हा पन्नाशीही लागली नव्हती. सासरे लवकर गेले. भाताची शेती, दोन म्हशी आणि एक मुलगा, सगळं आत्यांनी एकटीनं सांभाळलं. नदीच्या काठावर चरणाऱ्या म्हशी त्या घराच्या अंगणातून हाक मारून परत बोलवायच्या, असा त्यांचा आवाज. उन्हाळ्यात कैऱ्या, करवंदं, फणस डोक्यावर घेऊन त्या उल्हासनगरला विकायला जायच्या. अंबरनाथपर्यंत गाडीनं, पुढं पायी. उल्हासनगर हे नाव तेव्हा कागदावर होतं, आमच्या तोंडी ते कॅम्पच होतं. लढाईच्या काळात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी आणि त्यांत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं.

त्या उन्हाळ्यात हवा कशानं तरी भारलेली होती. पोर्तुगिजांची विमानं येणार, कारखान्यावर बॉम्ब टाकणार, असं कुणीही कुणालाही सांगत होतं. कारखान्याच्या फाटकावर यजमानांचा बिल्ला रोज तपासला जायचा. आणि एक दिवस वर्तमानपत्रात आतल्या पानावर लहानशी बातमी आली: ‘अंबरनाथजवळच्या डोंगरावर गूढ दिवे’.

मी ती वाचली आणि सगळा ओटा हसला. रुळांपलीकडं, कुळगावच्या मागं डोंगराची जी रांग आहे, तिच्या उतारावर ठाकर आदिवासींच्या वाड्या आहेत. पावसाआधी ते तिथं राब भाजतात. म्हणजे झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेण जमिनीवर पसरायचं आणि संध्याकाळी वारा पडला की पेटवून द्यायचं. माती भाजून निघते, तण मरतं आणि पाऊस पडला की त्याच जागी नाचणीची, वरईची रोपं टाकायची. खाली आम्हीही भातासाठी तेच करायचो. दरवर्षी त्या दिवसांत डोंगरावर आगीच्या माळा दिसतात. आम्हाला त्यात नवल काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीच बातमी पहिल्या पानावर गेली. ‘डोंगरावरून शत्रूच्या विमानांना इशारे?’ तिसऱ्या दिवशी डोंगरावर विलायती टोपी घातलेला एक इसम दिसला होता. मग एका गावात म्हणे कोंबडे आरवायचे थांबले. मग ‘दिव्यांची सांकेतिक भाषा: तज्ज्ञ म्हणतात’ अशी दोन रकाने भरून बातमी आली. तज्ज्ञ कोण ते मी शोधलं, सापडलं नाही.

ओट्यावरचं हसू हळूहळू कमी झालं. छापलेल्या अक्षराची काय जादू असते बघा. ज्यांनी स्वतःच्या हातानं राब पेटवला होता तेच म्हणायला लागले, “खालचे दिवे आपलेच, पण ते वरचे? ते कुणाचे?” मीसुद्धा एका संध्याकाळी घडा घेऊन विहिरीवरून येताना डोंगराकडं बघितलं आणि माझे पाय भराभर चालायला लागले.

ठाकरांनी वेगळंच ऐकलं. डोंगरावर जो आग लावेल त्याला पोलीस धरून नेणार, नाहीतर गोळी घालणार, असं त्यांच्या कानावर गेलं. असा हुकूम कुणी काढल्याचं मला पुढंही कधी कळलं नाही. पण बिचाऱ्यांनी राब भाजणंच बंद केलं. डोंगर काळोखात गेला. तर वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं: ‘दिवे अचानक विझले! हेर कुठे गेले?’

त्याच सुमारास एक बातमीदार आणि एक फोटोवाला बेलवलीत आले. बातमीदार अगदी तरुण, पँट-शर्टातला, घामानं भिजलेला. दुपारची जेवणं झाली होती आणि आत्या ओट्याच्या कडेला बसून दातांना भाजक्या तंबाखूची मिशरी लावत होत्या. मिशरी लावताना तोंड भरलेलं असतं, थुंकल्याशिवाय बोलता येत नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. त्याला ठाऊक नव्हतं.

“आजी, तुम्ही पाहिलेत ना ते दिवे?” त्यानं विचारलं.

आत्यांनी एक हात वर केला. म्हणजे, थांब जरा. मग दुसऱ्या हातानं अंगणाच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. म्हणजे, तिकडं जाऊन थुंकून येते. तो कोपरा नेमका डोंगराच्या दिशेला होता. फोटोवाल्यानं फोटो काढला.

मी दारातूनच म्हटलं, “ते राब आहेत हो. दरवर्षी भाजतात.”

“राब म्हणजे?”

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, “असं का, असं का” म्हणाला, घड्याळ बघितलं आणि गाडी चुकेल म्हणून दोघं निघूनही गेले. आत्या चूळ भरून येईपर्यंत ते वळणापलीकडं गेले होते.

दोन दिवसांनी यजमान घरी आले ते वर्तमानपत्र शर्टाच्या आत लपवून. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “ओट्यावर वाचू नकोस.” पण आत्यांनी ते बघितलंच. फोटो स्पष्ट होता. एक हात वर, दुसऱ्या हाताचं बोट लांब कुठंतरी, गाल फुगलेले, डोळे मोठे. वर छापलं होतं: ‘गूढ दिव्यांच्या दर्शनाने वृद्धेची वाचा बसली!’ खाली मजकूर: ‘भीतीने थरथरणाऱ्या हाताने तिने फक्त डोंगराकडे बोट दाखवले.’

आत्यांनी आधी फोटो नीट न्याहाळला. “बरी आलेय की,” म्हणाल्या. मग मला वाचायला लावलं. मी वाचलं.

“वृद्धा म्हंजे?”

“म्हातारी.”

“म्हातारी?” त्या उसळल्या. मग थोडं थांबून, “नि वाचा बसली म्हंजे मुकी झाली?”

“हो.”

समोरच्या घरातली बाई तेवढ्यात आमच्या दारात आली होती. ती म्हणाली, “तुमची वाचा बसली असती तं गावाला जरा झोप तरी लागली असती!” सगळे हसले, आत्याही हसल्या. आपण फसलो, चार दिवस लोक चिडवतील, एवढंच त्यांनी धरलं. दुसऱ्या दिवशी करवंदांची पाटी घेऊन त्या कॅम्पात गेल्या, तेव्हा मलाही बरोबर नेलं.

कॅम्पात एका बराकीत आत्यांची एक सिंधी मैत्रीण होती. लोणच्यासाठी कैऱ्या घेण्यावरून ओळख झाली आणि भाव करता करता मैत्री झाली. ती पापड करून विकायची. दोघी एकमेकींना ‘भेण’ म्हणायच्या, सिंधीत बहिणीला म्हणतात तसं. ती अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायची, आत्या बेलवलीचं बोलायच्या आणि दोघींना सगळं कळायचं. एरवी आत्यांची हाक ऐकली की ती हात पुसत बाहेर यायची. त्या दिवशी आली नाही.

आम्ही आत गेलो. पापडाचं पीठ कुठं दिसत नव्हतं. चूल थंड होती. बराकीच्या मधोमध लोखंडी पेटी, तिच्यावर बांधलेलं गाठोडं, त्यावर कढई पालथी घातलेली. ती आणि तिचा नवरा शेजारी बसून होते, गाडी यायची वाट बघत स्टेशनवर बसावं तसे.

“भेण, ह्ये काय?” आत्यांनी विचारलं.

ती आत्यांकडं बघतच राहिली. उठली, जवळ आली आणि तिनं आत्यांच्या तोंडाला हात लावला. “तू बोलतेस? अखबारमध्ये होतं, तुझी आवाज गेली.”

“कुठं जातेय! अगो, मिशरी होती तोंडात. दिवेबिवे काय नाय, राब हायत ते.” आत्यांनी हसत हसत सगळं सांगितलं. पण ती हसली नाही.

“तिकडं पण सगळे असंच बोलायचे,” ती म्हणाली. “कुछ नाही, कुछ नाही. शेजारी बोलले, रहा. आम्ही रहायलो. मग एक रात में सब सोडून निघालो. या वेळेला मी बोलली, आधी पेटी भरायची.”

तिचा नवरा म्हणाला, “पूरी लाइन ने सामान बांधा है.”

आम्ही बाहेर डोकावून बघितलं. खरंच होतं. दारादारातून गाठोडी दिसत होती.

“पण माझ्या फोटोचं काय एवढं?” आत्या म्हणाल्या.

“भेण, ते दिवे-बिवे मी रोज ऐकत होती. मी डरली नाही. मी बोलली, माझी भेण तिथंच रहाते, काही असेल तर येऊन सांगेल. मग तुझा फोटो आला. तुझी शकल बघितली.” तिचा आवाज बारीक झाला. “तू कशाला घाबरत नाहीस. तू घाबरलीस, मग मी काय करू?”

आत्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांची वाचा बसलेली मी बघितली असेल तर ती तेवढीच. पाटीतली करवंदं त्यांनी तिथल्या परातीत ओतली आणि मला म्हणाल्या, “चल.”

संध्याकाळी यजमान घरी आल्यावर आत्यांनी जाहीर केलं, “उद्या मी मुंबईला जातेय. त्या कागदवाल्याकडं.”

यजमानांनी हातपाय धुतले नव्हते. तसेच ओट्यावर बसले. “आये, हे काय खूळ? ते काय ऐकणार हायत तुझं? नि माझा विचार कर. मी कारखान्यात आहे. तिथं आता कोण कुणाशी बोलतो, कोण कुठला, सगळं बघतात. माझी आई वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन भांडली हे वर कळलं तर माझी नोकरी जाईल.”

“भांडायला नाय जात. सांगायला जातेय.”

“काय सांगणार?”

“मी बोलते म्हणून.”

“दोन दिवसांत विसरतील गं लोक.”

“लोक विसरतील. ती पेटी भरून बसलीय.” आत्यांचा आवाज या वेळी चढला नव्हता. मग त्या मुलाजवळ जाऊन बसल्या. “तुझी नोकरी गेली तं आपली शेती हाय. पण माझं तोंड बघून ती दुसऱ्यांदा घर सोडून गेली तं मी काय करू, सांग मला.”

सकाळी कामावर निघताना यजमानांनी कचेरी कुठं आहे ते मला नीट समजावून सांगितलं, व्हीटीवर उतरल्यावर कुठं वळायचं तेही.

आत्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. कचेरीत आम्हाला आधी जिन्याजवळ बसवून ठेवलं. पट्टेवाला दर थोड्या वेळानं येऊन सांगायचा, साहेब कामात आहेत. शेवटी आत्या उठल्या आणि सरळ आत गेल्या. मी पदर सावरत मागून. मोठी खोली, टेबलं, कागदांचे ढीग, शाईचा वास. मधल्या टेबलाशी चष्मा लावलेले एक पोक्त गृहस्थ लिहीत होते, तेच संपादक.

“बाई, काय काम आहे?”

आत्यांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “ही मी. माझी वाचा बसली म्हणून तुम्ही छापलंत. बसलीय का, बघा.”

नदीकाठच्या म्हशींना ऐकू जाणारा तो आवाज. खोलीतली सगळी टेबलं थांबली.

गृहस्थांनी फोटो बघितला, आत्यांकडं बघितलं. “चूक झालेली दिसते,” ते म्हणाले. “आपण खुलासा छापू. दोन ओळी.”

“माझ्यासाठी दोन ओळी पण नकोत. मला म्हातारी म्हणालात, तेही सोडते मी.” मग आत्यांनी कॅम्पातली गोष्ट सांगितली. पेटी, पालथी कढई, बांधलेली गाठोडी. “तिकडं खरंच आग होती, तवा लोक तिला बोलले, काय नाय. इथं आग नाय नि तुम्ही बोलता, हाय. त्या बाईनं कुणाचं ऐकायचं?”

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. मागच्या टेबलावरच्या त्या तरुण बातमीदाराला हाक मारली. तो आला, मला ओळखून त्यानं मान खाली घातली.

“राब आहेत हे तुला माहीत होतं?”

“या वहिनींनी सांगितलं होतं.”

“मग लिहिलं का नाहीस?”

“राब लिहिलं असतं तर आपण छापलं असतं का, साहेब? तुम्हीच म्हणालात, दिव्यांचं रोज काहीतरी हवं.”

त्यावर त्या गृहस्थांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. चष्मा पुसत ते आत्यांना म्हणाले, “तुमचं काय म्हणणं आहे?”

“ह्याला माझ्याबरोबर पाठवा. आज संध्याकाळी राब भाजतो. आपल्या डोळ्यांनी बघू दे, मग काय लिहायचं ते लिहू दे.”

“जा यांच्याबरोबर,” ते त्याला म्हणाले. “आणि फोटोवाल्यालाही ने.”

ऊन कलता कलता आम्ही आमच्या बदलापूर स्टेशनवर उतरलो. आत्यांनी गावच्या पोलीस पाटलांनाही बरोबर घेतलं. ते एरवीही राब कुठले, दिवे कुठले हे जाणून होते, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वाडीवर पोचलो तर पाटलांना बघून ठाकरांची माणसं घरात शिरायला लागली. आत्यांनी नेहमीचं जळण आणून देणाऱ्या म्हाताऱ्या ठाकराला हाक मारली आणि सगळं समजावलं.

“आग लावू? नक्की?” त्यानं पाटलांना विचारलं.

“लाव. मी हाय इथं,” पाटील म्हणाले.

टहाळे केव्हापासून वाळून पडले होते. वारा पडलेला. म्हाताऱ्यानं वरच्या बाजूनं पेटवलं आणि आग सावकाश, दबकत उताराला लागली. बायका हातात ओले फाटे घेऊन कडेनं उभ्या राहिल्या, आग बाहेर जाऊ नये म्हणून. धुरानं बातमीदाराच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आत्यांनी त्याच्याही हातात एक फाटा दिला. “नुसता उभा राहू नको, मार.” तो मारायला लागला.

जरा वेळानं म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, “कागदात तुम्ही आमाला काय लिवलं हुतं?”

तो अवघडला. “हेर.”

“म्हंजे?”

“चोरून बघणारा.”

म्हातारा खाली बघून हसला. खाली बदलापूरचं स्टेशन, नदीचा वाक, लांब अंबरनाथचे दिवे एकेक लागत होते. “चोरून कशापायी बघायचं?” तो म्हणाला. “हितनं समदं उघडंच दिसतंय.”

एवढ्यात पलीकडच्या वाडीनं आमची आग बघितली आणि तिथंही राब पेटला. मग त्याच्या पुढच्या उतारावर. कुणी कुणाला निरोप पाठवला नव्हता. फोटोवाल्यानं किती फोटो काढले कोण जाणे. मी आत्यांकडं बघत होते. कपाळावर राख, लुगड्याचा काठ खोचलेला, आणि त्या कुणावर तरी मोठ्यानं ओरडत होत्या, “कड सांभाळ, कड!”

बातमी आली ती तिसऱ्या पानावर, एका रकान्यात: ‘डोंगरावरील दिवे म्हणजे शेतकऱ्यांचे राब’. पहिल्या पानावर तोवर दुसरंच काही आलं होतं. पण लिहिलं होतं सगळं खरं. त्यात एक वाक्य होतं: ‘बेलवलीच्या एका शेतकरी बाईंनी आमच्या कचेरीत येऊन ही वस्तुस्थिती ठणकावून सांगितली.’ ते वाक्य आत्यांनी मला पुन्हापुन्हा वाचायला लावलं. “ठणकावून लिहिलंय?” “हो.” “दाखव कुठं.” मी बोट ठेवून दाखवलं. वाचता येत नव्हतं तरी त्यांनी ते अक्षर नीट बघून घेतलं.

तोच अंक घेऊन आम्ही कॅम्पात गेलो. आत्यांच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला मराठी अक्षरं लागत नव्हती, म्हणून मी बराकीच्या दारात उभं राहून वाचलं आणि शेजारच्या दुकानदारानं ते सिंधीत सांगितलं. दारादारातून माणसं आली होती. ठणकावून हा शब्द त्याला सिंधीत कसा सांगावा कळेना. मग त्यानं दाराच्या फळीवर जोरात मूठ आपटून दाखवली आणि सगळे हसले.

“तू बंबईला गेलीस? अखबारवाल्याकडं? माझ्यासाठी?” मैत्रीण म्हणाली.

“तुझ्यासाठी कशाला? मला म्हातारी म्हणाला तो.”

तिनं आत्यांना मिठी मारली. गाठोडं त्याच दिवशी सुटलं. पेटीतले कपडे मात्र तिनं आणखी काही दिवस आतच राहू दिले, आणि आत्यांनीही त्याबद्दल तिला एका शब्दानं छेडलं नाही.

त्या आठवड्यात एकदा यजमान जेवताना घुटमळत होते. मग ताटाकडं बघतच म्हणाले, “आज खात्यातल्या मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं.”

माझ्या हातातला डाव थांबला. आत्यांनीही वर बघितलं.

“म्हणाले, तू बेलवलीचा ना? ती वर्तमानपत्रवाल्यांना सुनावून आलेली बाई तुमच्या गावची म्हणे. ओळखतोस का?”

“मग तू काय बोललास?” आत्यांनी विचारलं.

हो साहेब, गावची आहे, एवढं म्हणून ते सुटू शकले असते. फार बोलणारा माणूस नव्हताच तो.

“बोललो, ती माझी आई.”

“नि साहेब काय बोलला?”

“उभा राहिला, खुर्चीतनं. माझा हात हातात घेतला नि म्हणाला, तिला माझा नमस्कार सांग.” यजमानांनी पहिल्यांदा ताटावरून नजर वर केली. “सांगतोय.”